ब्रिक लेनवरील खाद्यफेरी आणि पदार्थांची नावे

शहरातील एखादी वस्ती पायी हिंडत, ठिकठिकाणी थांबून, तेथे राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांचे पदार्थ थोडेथोडे चाखत जाण्याचा एक संघटित प्रकार गेल्या काही दशकांत जगातील पुष्कळ महानगरांत रूढ झाला आहे. दहा-बारा माणसांचा गट, त्यांच्यापुढे एक मार्गदर्शक, सुमारे तीन तासांचा अवधी, पाच-सात थांबे आणि प्रत्येक थांब्यावर घास-दोन घास, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या प्रकाराला मराठीत अद्याप स्थिर संज्ञा नाही. प्रस्तुत लेखात त्यास ‘खाद्यफेरी’ म्हटले आहे. परक्याचे अन्न कुतूहलाने व जाणूनबुजून खाणे हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे हे अमेरिकन लोकसाहित्याभ्यासक ल्यूसी लाँग यांनी १९९८ साली मांडले. तेव्हापासून या विषयावर झालेले लेखन बहुतांशी पर्यटन, अर्थकारण व समाजशास्त्र यांच्या अंगाने झाले आहे. खाद्यफेरीत खाण्यापेक्षा बोलणेच अधिक असते, या उघड गोष्टीकडे मात्र त्यामानाने कमी लक्ष गेलेले दिसते.

वस्तुतः खाद्यफेरी ही प्रथमतः एक भाषिक घटना आहे. उपाहारगृहात मनुष्य भुकेने जातो व पोट भरून बाहेर पडतो. फेरीत मिळणारा घास पोट भरण्यासाठी नसतोच. त्या घासाआधी मार्गदर्शक तीन गोष्टी करतो: तो बोट दाखवतो, तो नाव सांगतो, आणि तो त्या नावाची कथा सांगतो. ‘येथे’, ‘हा’, ‘या खिडकीमागे’ ही दर्शके त्याच्या बोलण्यात वारंवार येतात, कारण वाचलेल्या इतिहासाला समोरच्या भिंतीशी जोडून देणे हेच त्याचे काम. कथा संपल्यावर पदार्थ हाती येतो. म्हणजे जीभ चव घेते त्यापूर्वीच कानाने ती घेतलेली असते. यात फसवणूक आहे असे मुळीच नव्हे. आपल्याकडे प्रसाद खातानाही असेच घडते. तेथे घासाचे परिमाण क्षुल्लक असते आणि त्यामागील कथा मोठी असते. परंतु ज्या प्रकारात नाव आणि कथा यांवर इतका भार असतो, तेथे ती नावे कोणी ठेवली, कोणाला उद्देशून ठेवली आणि मार्गदर्शक ती कोणत्या काळात उच्चारतो, हे प्रश्न गौण राहत नाहीत. लंडनमधील ब्रिक लेन या रस्त्याच्या उदाहरणाने हे प्रश्न विशेष स्पष्ट होतात.

ब्रिक लेन हा पूर्व लंडनमधील एक अरुंद, दक्षिणोत्तर रस्ता. येथील मातीच्या विटा व कौले पूर्वी भाजली जात, त्यावरून त्याचे नाव पडले. तो लंडनच्या जुन्या तटबंद नगराच्या बाहेर पडतो. नगराच्या आत धंदा करण्यावर कारागिरांच्या संघांचे निर्बंध असत. बाहेर ते शिथिल होते, आणि जागाही स्वस्त होती. परदेशातून आलेल्या माणसाने पहिले बिऱ्हाड येथे थाटावे, यामागे इतके साधे कारण आहे. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा १५९८ चा आदेश रद्द केला, आणि ह्यूगनो म्हणविणारे फ्रेंच प्रोटेस्टंट मोठ्या संख्येने इंग्लंडमध्ये आले. त्यांतील रेशीम विणकरांनी या भागात माग मांडले. इंग्रजीतील ‘रेफ्यूजी’ हा शब्द याच लोकांबरोबर फ्रेंचमधून त्या भाषेत आला. पुढे १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील अत्याचारांना कंटाळून यिडिश बोलणारे ज्यू आले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेट जिल्ह्यातील बंगाली मुसलमान.

या तिन्ही वसाहतींची साक्ष देणारी एक वास्तू ब्रिक लेन आणि फूर्निये स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर उभी आहे. ती १७४३ साली ह्यूगनो लोकांचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधली गेली. १८०९ मध्ये ज्यूंना ख्रिस्ती करू पाहणाऱ्या एका संस्थेकडे ती आली, १८१९ मध्ये मेथॉडिस्टांकडे, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस तेथे ज्यूंचे सिनेगॉग झाले, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. या इमारतीपुढे न थांबणारी फेरी विरळा. येथे खायला काही मिळत नाही. तरीही सबंध फेरीचा अर्थ लावण्याची किल्ली येथेच दिली जाते. एक समाज आला, राबला, स्थिरावला, निघून गेला. त्याच्या जागी दुसरा आला. थरावर थर, अशी ती मांडणी. मांडणी आकर्षक आहे आणि पुष्कळ अंशी खरीही आहे. मात्र तिचे एक व्याकरण आहे. ह्यूगनो ‘होते’, ज्यू ‘होते’, सिल्हेटी ‘आहेत’. आणि पहिल्या दोहोंनंतर जे तिसरे ‘आहेत’ येते, ते ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप ‘अजून आहेत’ असे उमटते. या ‘अजून’कडे पुढे परत यावे लागेल.

ज्यू वसाहतीचे जे दोन पदार्थ फेरीत हटकून भेटतात, त्यांपैकी पहिला म्हणजे बायगल. आंबवलेल्या कणकेचे कडे करून ते आधी उकळत्या पाण्यात सोडायचे आणि मग भट्टीत भाजायचे, ही त्याची रीत. त्यामुळे वरचा पापुद्रा चिवट व चकचकीत होतो. क्राकूव येथील ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत या शब्दाचा उल्लेख येतो. अमेरिकेत या पदार्थाचे नाव ‘बेगल’ असे लिहिले व बोलले जाते आणि जगभर आज तेच रूढ आहे. पूर्व लंडनच्या जुन्या ज्यू रहिवाशांचा उच्चार मात्र ‘बायगल’ असा होता, आणि त्याला साजेसे जुने वर्णलेखन ब्रिक लेनच्या उत्तर टोकावरील शेजारशेजारच्या दोन प्रसिद्ध दुकानांच्या पाट्यांवर टिकले. त्यांपैकी १९७४ पासूनचे दुकान रात्रंदिवस उघडे असते. खारवलेले गोमांस, मोहरी आणि काकडीचे लोणचे घालून केलेला तेथील बायगल हा पुष्कळ फेऱ्यांचा एक मुक्काम आहे. येथे पाटीवरील एक स्वर सबंध वसाहतीचे बोलणे जपून आहे. ज्यू कुटुंबे विसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तर लंडनकडे सरकली. स्वर मागे राहिला. मार्गदर्शकाने केवळ हा उच्चारभेद जरी नीट समजावून सांगितला, तरी फेरीतील एक थांबा सार्थकी लागला म्हणावयास हरकत नाही.

दुसरा पदार्थ म्हणजे तळलेली मासळी व बटाट्याच्या फोडी. इंग्रजांचा हा राष्ट्रीय पदार्थ पीठ लावून तेलात मासळी तळण्याच्या इबेरियन ज्यूंच्या रीतीतून आला असे मानले जाते, आणि १८६० च्या सुमारास जोसेफ मालिन या पूर्व लंडनमधील ज्यूने ती बटाट्यांबरोबर प्रथम विकली असे सांगितले जाते. उत्तर इंग्लंडमध्ये लँकशरचे लोक हा मान १८६३ च्या सुमाराचे जॉन लीज यांस देतात. वाद मिटणारा नाही. तळलेली मासळी विकणारे दुकान डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये, म्हणजे या दोघांच्याही आधी, आलेले आहे. मार्गदर्शकांना ‘पहिला’ हे विशेषण फार प्रिय असते; पदार्थांच्या इतिहासात त्याला क्वचितच आधार सापडतो.

फेरीचा सर्वांत अवघड भाग सिल्हेटी उपाहारगृहांपुढे सुरू होतो. अवघड अशासाठी की तेथील पाट्यांवर दीर्घकाळ लिहिलेले असे ‘इंडियन रेस्टॉरंट’, आणि आत शिजवणारा, वाढणारा व हिशेब ठेवणारा मनुष्य असे बांगलादेशातील सिल्हेटचा.

ही गोष्ट केवळ धंद्यातील चलाखी म्हणून निकालात काढणे चुकीचे ठरेल. सिल्हेटमधील पुष्कळ पुरुष ब्रिटिश व्यापारी जहाजांवर, विशेषतः बॉयलरच्या भट्टीत कोळसा ओढण्याच्या कामावर असत. त्यांतील काही लंडनच्या धक्क्यावर उतरून परत जहाजावर गेलेच नाहीत. कॅरोलाइन अॅडम्स यांनी या वृद्ध खलाशांच्या आठवणी १९८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. सात समुद्र व तेरा नद्या ओलांडून, असे त्या ग्रंथाचे नाव आहे. आपल्याकडे सात समुद्रांवर भागते; नद्यांच्या देशातील बंगाली माणूस त्यांत तेरा नद्यांची भर घालतो. हे लोक निघाले तेव्हा सिल्हेट ब्रिटिश हिंदुस्थानातील आसाम प्रांतात होते. १९४७ च्या सार्वमताने ते पूर्व पाकिस्तानात गेले आणि १९७१ मध्ये बांगलादेशात. म्हणजे एकच मनुष्य, आपल्या गावातील घर न बदलता, एका आयुष्यात तीन राष्ट्रनामांचा धनी झाला. त्याने पहिले उपाहारगृह काढले तेव्हा ‘इंडियन’ हा शब्द खोटा नव्हता. तो पुढे खोटा पडत गेला, आणि तोपर्यंत इंग्रज गिऱ्हाइकाच्या जिभेवर तो पक्का बसला होता.

१९६२ च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स अॅक्टने परवाना-पद्धत आणली. पुढे नियम आणखी कडक होत गेले, तेव्हा एकेकट्या राहणाऱ्या पुरुषांनी आपली कुटुंबे आणली. या भागातील शिवणकामाचे व कातड्याचे कारखाने मंदावल्यावर उपाहारगृहांची संख्या वाढली. हिंदी अन्न लंडनला नवे होते असे मात्र नाही. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद यांनी १८१० सालीच जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले होते. ते थोड्याच काळात बुडाले. दीन महंमदांचे गिऱ्हाईक हिंदुस्थानात राहून आलेले धनिक होते. ब्रिक लेनच्या उपाहारगृहांपुढील गिऱ्हाईक मात्र हिंदुस्थान कधीही न पाहिलेले, आणि पुष्कळदा दारूचा गुत्ता बंद झाल्यावर रात्री उशिरा येणारे होते. त्याच्याशी बोलण्यासाठी एक निराळी भाषा घडवावी लागली.

या भाषेचे नाव मेनू. ब्रिटनमधील तथाकथित हिंदी उपाहारगृहाचा जुना मेनू हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावा असा दस्तऐवज आहे. एका बाजूस कोंबडी, कोकरू, कोळंबी, भाजी अशी यादी; दुसऱ्या बाजूस कोर्मा, भुना, दोप्याजा, धनसाक, पाथिया, मद्रास, विंदालू, फाल अशी नावे. कोणतेही एक इकडचे, कोणतेही एक तिकडचे. स्वयंपाकघरात कांद्याचा एकच पातळ रस्सा मोठ्या पातेल्यात सकाळी शिजवून ठेवलेला असतो, आणि मागणीप्रमाणे त्यात थोडी मिरची, थोडे क्रीम, थोडी डाळ किंवा थोडा कांदा घालून ते ते नाव सिद्ध केले जाते. त्यामुळे या नावांचा मूळ प्रदेशांशी व मूळ कृतींशी असलेला संबंध तुटला आणि एकमेकांशी असलेला संबंध तेवढा उरला. कोर्मा म्हणजे जो मद्रास नाही तो. मद्रास म्हणजे कोर्म्यापेक्षा तिखट आणि विंदालूपेक्षा सौम्य. सोस्यूर यांनी भाषिक चिन्हाच्या ‘मूल्या’विषयी जे सांगितले आहे, की ते भोवतालच्या चिन्हांपासूनच्या भेदाने ठरते, त्याचे इतके चोख उदाहरण वर्गात शोधूनही सापडणार नाही. ‘कोर्मा’ हा शब्द मुळात तुर्की असून परतून-भाजून शिजवण्याची क्रिया त्यात अभिप्रेत आहे; ब्रिटनमध्ये तो ‘गोडसर व सौम्य’ याचा पर्याय झाला. ‘मद्रास’ हे शहर राहिले नाही, ती तिखटाची एक पायरी झाली.

महाराष्ट्र व गोवा येथील वाचकाला या यादीत ओळखीचे चेहरे भेटतात, पण त्यांचे पोशाख बदललेले असतात. धनसाक हे मुंबईच्या पारशी घरातील रविवार दुपारचे जेवण. मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवशीही ते होते, आणि म्हणूनच लग्नकार्यासारख्या शुभ प्रसंगी ते टाळतात. मेनूवर ‘धनसाक’ म्हणजे डाळ घातलेली, किंचित आंबटगोड कढी. कधी तीत अननसाच्या फोडीही असतात. शोकाचा व सुट्टीचा असा दुहेरी अर्थ वाहणारा शब्द तेथे नुसता चवीचा शब्द झाला. ‘पाथिया’ हे पारशी ‘पात्यो’चेच रूप.

विंदालूची कथा याहून उद्बोधक आहे. पोर्तुगीज भाषेत ‘विन्य द आल्युश’ म्हणजे मद्य आणि लसूण, यांत मुरवलेले मांस. गोव्यात मद्याच्या जागी माडाच्या सुरीचा शिरका आला, मिरची आली, आणि डुकराच्या मांसाचा विंदाल्यू सिद्ध झाला. सिल्हेटी मुसलमान आचाऱ्याला डुकराचे मांस वर्ज्य. त्याने कोकरू किंवा कोंबडी घेतली. येथपर्यंतचा बदल धर्माने केला. पुढचा बदल शब्दाने केला. पोर्तुगीज ‘आल्यु’, म्हणजे लसूण, याचा ध्वनी हिंदी-बंगाली कानाला ‘आलू’ असा ऐकू आला, आणि ब्रिटनमधील असंख्य उपाहारगृहांत विंदालूमध्ये बटाटा पडू लागला. लौकिक व्युत्पत्तीने शब्दाचे रूप बदलल्याची उदाहरणे पाठ्यपुस्तकांत पुष्कळ असतात. शब्द तसाच ठेवून तिने वस्तू बदलल्याचे उदाहरण इतके सहज मिळत नाही. १९९८ साली फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वेळी इंग्रज प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या एका गाण्याचे नाव ‘विंदालू’ होते. तोवर मद्य, लसूण, पोर्तुगाल आणि गोवा यांपैकी काहीच त्या शब्दात उरले नव्हते. उरला होता तो केवळ घाम फोडणारा तिखटपणा.

आणि बोंबील. वाळवून तळलेला बोंबील या उपाहारगृहांत तोंडीलावणे म्हणून ‘बॉम्बे डक’ या नावाने मिळे. या नावाविषयी एक चटकदार कथा सांगितली जाते: रेल्वेच्या डाकगाडीतून वाळलेले बोंबील जात, त्यांचा वास डब्यांना लागे, म्हणून ‘बॉम्बे डाक’, आणि त्याचे ‘डक’. आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्यास गेली. ‘बॉम्बे डक’ हे नाव त्यापूर्वीच्या इंग्रजी लेखनात आढळते. कथा त्यामुळे टिकत नाही. पण ती फेरीत सांगण्यास अत्यंत सोयीची आहे: छोटी, हसवणारी, आणि घास तोंडात जाण्यापूर्वी संपणारी. येथे मार्गदर्शकाच्या व्यवसायातील खरी अडचण दिसते. त्याला प्रत्येक थांब्यावर दोन-तीन मिनिटे मिळतात, आणि खऱ्या व्युत्पत्ती बहुधा लांब, शंकाकुल व कंटाळवाण्या असतात. त्यात तो खोटे बोलतो असे नव्हे; त्याचा साहित्यप्रकारच त्याला खोट्याकडे ढकलतो. व्युत्पत्ती ‘असेही सांगतात’ या पुस्तीसह सांगणे एवढा उपाय त्याच्या हाती असतो, आणि चांगले मार्गदर्शक तो करतात. त्याने गंमत कमी होत नाही.

या मेनूभाषेने सिल्हेटी माणसाला पोट दिले, हे निर्विवाद. एप्रिल २००१ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे एका भाषणात म्हटले, तेव्हा त्या गौरवात ब्रिक लेनसारख्या रस्त्यांचा मोठा वाटा होता. परंतु या भाषेत सिल्हेटचा स्वतःचा एकही शब्द नव्हता. कोर्मा मोगलांचा, धनसाक पारशांचे, विंदालू गोव्याचा, मद्रास तर निव्वळ नकाशावरचा. मेनू छापणाऱ्याची मासळी, त्याचे लिंबू, त्याची पालेभाजी यांपैकी काही त्यावर नव्हते. ते मागच्या दाराआड, नोकरांच्या जेवणात होते. भाषांच्या इतिहासात व्यापारभाषा घडतात तेव्हा त्यांत दुबळ्या पक्षाचे शब्द असेच कमी राहतात. येथे विशेष इतकाच की दुबळ्या पक्षाने ती भाषा स्वतःच घडविली.

दुबळेपणा हा शब्द येथे अलंकारिक नाही. ४ मे १९७८ रोजी आल्ताब अली या तरुण बंगाली शिवणकामगाराचा ब्रिक लेनपासून जवळच, वर्णद्वेषातून खून झाला. त्यानंतर हजारो बंगाली लोक त्याच्या शवपेटिकेमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ तो मारला गेला तिला १९९८ साली त्याचे नाव देण्यात आले. ती बाग ऑल्डगेट ईस्ट स्थानकापासून थोड्याच अंतरावर असल्याने पुष्कळ फेऱ्या तिच्याजवळूनच जातात. तेथे थांबणाऱ्या फेऱ्याही आहेत. परंतु जेवणाच्या आनंदात हा प्रसंग कसा बसवावा, हा प्रश्न फेरी आखणाऱ्याला पडणारच. खाद्यफेरीच्या भाषेत स्थलांतर म्हणजे प्रामुख्याने पाककृतींचा प्रवास असतो. त्या भाषेला राग व्यक्त करणारी क्रियापदे सापडत नाहीत.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या भागाला ‘बांग्लाटाउन’ हे नाव मिळाले. रस्त्यावर कमान उभी राहिली, रस्त्यांची नावे इंग्रजीबरोबर बंगाली लिपीतही लागली, आणि २००१ मध्ये नगरपालिकेच्या प्रभागाच्या नावातही तो शब्द आला. जे नाव मेनूवर आले नव्हते ते अशा रीतीने नकाशावर आले. २०२२ मध्ये व्हाइटचॅपल या भुयारी रेल्वेस्थानकाची पाटीही बंगालीत लागली. भाषाशास्त्रज्ञाला येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवावीशी वाटेल. पाट्यांवरील बंगाली ही प्रमाण बंगाली आहे. वस्तीत घरोघर बोलली जाणारी सिल्हेटी नव्हे. सिल्हेटीत प्रमाण बंगालीतील ‘स-श’च्या जागी पुष्कळ ठिकाणी ‘ह’ येतो, महाप्राण व्यंजनांतील प्राणत्व लोपून स्वरांच्या आरोहाने अर्थभेद होतो, आणि तिची ‘सिल्हेटी नागरी’ ही स्वतंत्र लिपीही होती. लंडनमध्ये मान्यता मिळाली ती घरच्या बोलीला नव्हे, राष्ट्राच्या भाषेला.

नेमक्या याच काळात, म्हणजे नाव मिळून गेल्यावर, उपाहारगृहे कमी होऊ लागली. रनीमीड ट्रस्टने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ब्रिक लेनवर बांगलादेशी चालकांची ६० उपाहारगृहे होती. २०२० च्या प्रारंभी ती २३ उरली. भाडी वाढली, आचाऱ्यांना परदेशातून आणणे कठीण झाले, आणि मालकांच्या शिकलेल्या मुलांना रात्री दोनपर्यंत चालणारा धंदा नको होता. तिसरे कारण दुःखाचे मानण्याचे कारण नाही. ट्रुमन यांचा जुना मद्यकारखाना जेथे होता त्या आवारात दुकाने व कार्यालये बांधण्याच्या योजनेविरुद्ध रहिवाशांनी मोठी चळवळ केली. तरीही २०२१ मध्ये नगरपालिकेने योजनेला मान्यता दिली. दुसऱ्या बाजूस, २०२१ च्या जनगणनेत टॉवर हॅम्लेट्स या सबंध पालिकाक्षेत्रात ३४.६ टक्के लोक बांगलादेशी वंशाचे होते. समाज निघून गेलेला नाही. त्याची उपाहारगृहे रस्त्यावरून हटत आहेत. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. थरांची कथा सांगणारा मार्गदर्शक त्या एक करून टाकतो. ह्यूगनो गेले, ज्यू गेले, तसे आता हे, अशी लय त्या कथेतच आहे, आणि भाडेवाढ त्या लयीत निसर्गक्रमासारखी वाटू लागते. ‘अजून आहेत’ मधील ‘अजून’ कोणी उच्चारत नाही. वाक्यांची मालिकाच तो पुरवते.

फेरीचा दुसरा परिणामही नोंदविला पाहिजे, कारण तो उलट दिशेचा आहे. फेरीत येणाऱ्याला मेनूवरील जुनी नावे नको असतात. त्याने ती घराशेजारी शंभरदा खाल्लेली असतात. त्याला ‘अस्सल’ हवे असते. या शब्दाची चिकित्सा करावी तेवढी थोडीच. पण त्या मागणीमुळे मागच्या दाराआडचे काही पदार्थ पुढच्या दालनात आले, हे मान्य करावे लागते. ब्रिक लेनवरील काही मेनूंवर आता ‘शातकरा’ हे नाव दिसते. हे सिल्हेटकडील जाड सालीचे, कडवट, लिंबाच्या जातीचे फळ. त्याच्या सालीच्या फोडी गोमांसाबरोबर शिजवतात, आणि रस्सा प्रथम आंबट व मग कडू लागतो. मिरचीच्या चढत्या पायऱ्यांवर त्याला कोठेच जागा नाही, म्हणून इंग्रज गिऱ्हाइकाला ते मेनूभाषेत समजावताच येत नसे. वाळलेली मासळीही अशीच. प्रमाण बंगालीत तिला ‘शुट्की’ म्हणतात. मराठी वाचकाने ‘सुकट’ आठवावी. दोन्ही शब्द ‘शुष्क’ या एकाच संस्कृत मुळापाशी जातात, आणि दोहोंचा वास शेजाऱ्यांच्या तक्रारीस सारखाच पात्र असतो.

सिल्हेटी घरात मात्र ‘शुट्की’ म्हणत नाहीत, ‘हुट्की’ म्हणतात. ‘शातकरा’ म्हणत नाहीत, ‘हातकरा’ म्हणतात. मेनूवर घरचा पदार्थ आला तरी तो प्रमाण भाषेचा पोशाख घालूनच आला. म्हणून ज्या फेऱ्या उपाहारगृहाऐवजी बांगलादेशी किराणा दुकानात थांबतात, त्या भाषाभ्यासकाला अधिक मोलाच्या वाटतील. तेथे गोठवलेल्या नदीतल्या मासळीच्या पेटीशेजारी, पानविड्याच्या सामानाजवळ, ते हिरवे खडबडीत फळ ठेवलेले असते. विकत घेणाऱ्या बाया त्याला इंग्रजी नावाने मागत नाहीत. दुकानदार ‘हातकरा’ म्हणतो, मार्गदर्शक ‘शातकरा’ म्हणतो, आणि गटातील कोणीतरी विचारतो की यांतले बरोबर कोणते. मार्गदर्शक सिल्हेटी कुटुंबातला असला तर हा प्रश्न त्याला घरचाच वाटतो, आणि तेवढा वेळ तरी त्याच्या वाक्यांत भूतकाळ येत नाही.